पिस्तूल आणि थकबाकी

बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून पगार घेणाऱ्या माणसाने वेस्टर्न चित्रपट पाहू नयेत, असं माझं ठाम मत आहे. बाकीचे प्रेक्षक नायकाबरोबर घोड्यावर बसून गावात येतात. आम्ही आधीपासूनच गावात असतो. शर्टाच्या बाह्यांना पट्टे, कपाळावर हिरवी झडप, हातात टाक, आणि दार धाडकन उघडलं की दोन्ही हात वर! संवाद असलाच तर 'मला बायकामुलं आहेत' एवढाच. नायक थैली भरतो, घोड्यावर बसतो आणि मावळत्या सूर्याकडे निघून जातो. तो गेल्यावर त्या बिचाऱ्या कॅशियरला रात्री किती वाजेपर्यंत कॅश जुळवत बसावं लागलं, व्हाउचर कुठल्या खात्याला टाकावं लागलं, हे दाखवणारा दिग्दर्शक निदान माझ्या पाहण्यात नाही.

त्यामुळे माझ्या भाच्याच्या खोलीतल्या भिंतीवरच्या चित्राची समीक्षा करायला माझ्याइतका लायक मनुष्य मिळणार नाही. इतर समीक्षक ते चित्र कलेच्या दृष्टीने बघतील. मी ते नळीच्या पुढच्या टोकाकडून बघतो.

चित्र आहे 'रेड डेड रिडेम्प्शन २' या व्हिडिओ गेमचं. अमेरिकेच्या रॉकस्टार गेम्स कंपनीने हा खेळ २६ ऑक्टोबर २०१८ रोजी बाजारात आणला. कथा १८९९ सालातली. घोडे, टोळ्या, दरोडे, रेल्वे, सगळं यथास्थित. लाल पार्श्वभूमीवर रुंद काठाची टोपी घातलेला, दाढीचे खुंट वाढलेला एक इसम आपल्याच बाजूला पिस्तूल रोखून उभा आहे. हेच चित्र खेळाच्या डब्यावर, हेच भित्तिपत्रकावर, हेच जाहिरातीत.

जाहिरात म्हणून ती उत्तम आहे, हे आधी कबूल करून टाकतो. 'त्वरा करा' नाही, 'मर्यादित साठा' नाही, कोपऱ्यात तारा काढून त्यात सवलतीची टक्केवारी नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने पहिली चाहूल दिली तेव्हा तर लाल रंगावर नुसती नाममुद्रा टाकली, आणि दुसऱ्या दिवशी तांबड्या सूर्यासमोर सात माणसांच्या काळ्या आकृत्या. मजकूर शून्य. आमच्या बँकेने मुदत ठेवीची जाहिरात काढली की व्याजदर, अटी, उपअटी, अध्यक्षांचा फोटो आणि दीपप्रज्वलन एवढं सगळं एका पानात बसवतात. शेवटी ठेव कुठे ठेवायची ते छापायला जागा उरत नाही.

व्हिडिओ गेमच्या जाहिरातींची परंपरा मात्र एवढी मितभाषी नाही. १९९७ साली 'डायकाताना' नावाच्या खेळाची जाहिरात मासिकांत आली होती. तीही लालच, पण तिच्यात चित्रच नव्हतं. नुसती काळी अक्षरं, आणि त्यांत खेळाचा निर्माता जॉन रोमेरो वाचकाची काय अवस्था करणार आहे, ते घरात मोठ्याने वाचता येणार नाही अशा शब्दांत सांगितलेलं. गिऱ्हाइकाला शिवी देऊन माल खपवण्याचा हा प्रयोग. खेळ यायला २००० साल उजाडलं, तोपर्यंत तो शिळा झाला होता आणि टीकाकारांनी जाहिरातीतली शिवी व्याजासकट परत केली. रोमेरो यांनी पुढे त्या जाहिरातीबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. लाल रंगाचं या मंडळींना काय वेड आहे कोण जाणे. आमच्या खात्यात लाल शाई म्हणजे शिल्लक शून्याखाली गेली, एवढाच अर्थ.

पिस्तूल आपल्यावर रोखण्याची ही पोझही काही नवी नाही. १९०३ साली एडिसनच्या कंपनीने 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' नावाचा छोटा मूकपट काढला. त्यात मिशाळ दरोडेखोर सरळ प्रेक्षकांकडे बघून गोळ्या झाडतो. गंमत अशी, की कंपनीच्या छापील सूचीत त्या तुकड्याबद्दल लिहिलं होतं : हा सुरुवातीला लावा नाहीतर शेवटी लावा, चालेल. म्हणजे कथेशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तो तुकडा म्हणजेच जाहिरात!

त्याच्याही आधी, १८५०च्या दशकात, पिस्तूलवाल्या सॅम्युएल कोल्टने जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराकडून आपली हत्यारं वापरतानाची शिकारीची चित्रं काढून घेतली आणि त्यांच्या छापील प्रती वाटल्या. पुढे १८८३ पासून बफेलो बिलने 'वाइल्ड वेस्ट' नावाचा तमाशा गावोगाव नेला आणि भिंतीभिंतीवर त्याची रंगीत पोस्टरं डकवली. १८९०च्या जनगणनेनंतर अमेरिकन सरकारने जाहीर केलं, की आता देशात 'सरहद्द' अशी काही उरली नाही. म्हणजे खेळातल्या १८९९ साली खरं रानटी पश्चिम संपलेलं होतं. पोस्टरं मात्र जोरात होती. काउबॉय हा प्राणी जमिनीवर थोडा आणि कागदावर फार जगला.

आता मुद्द्याचं. त्या चित्रापुढे उभं राहा. पिस्तूल कोणावर रोखलेलं आहे? तुमच्यावर. म्हणजे तुम्ही कोण? तुम्ही बँकेचे कॅशियर! पण चित्र बघून एकाही गिऱ्हाइकाला तसं वाटत नाही. प्रत्येकाला वाटतं, आपण पिस्तुलाच्या मागे आहोत. ज्याच्या छातीवर नळी टेकवली आहे त्यालाच 'ही नळी तुझ्या हातात आहे' असं पटवायचं आणि वर त्याच्याकडून पैसे घ्यायचे! पहिल्या तीन दिवसांत बहात्तर कोटी पन्नास लाख डॉलर जमले, आणि आजवर सात कोटींहून अधिक प्रती खपल्या. प्रत्यक्ष दरोड्यात इतकी रक्कम कोणा काउबॉयच्या बापजन्मात हाती लागली नसेल.

चित्राच्या कोपऱ्यात एक काळीपांढरी चौकट असते. अमेरिकेत १९९३ साली खेळांतल्या हिंसेवरून सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, त्यानंतर १९९४ पासून ही चौकट आली. 'सतरा वर्षं आणि पुढे' असं तिचं म्हणणं. डबा उलटा केला की मागे बारीक अक्षरांत कारणं : रक्तपात, तीव्र हिंसाचार, नग्नता, लैंगिक मजकूर, शिवराळ भाषा, मादक पदार्थ आणि दारू. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी तो मनुष्य एका श्वासात जोखमीचं काहीतरी म्हणून टाकतो ना, त्यातलाच प्रकार. सहा कलमं आहेत. सातवं कलम मला हवं होतं : कर्जवसुली.

हसू नका. या खेळात आहे ती.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला वेळ भरपूर. रविवारी दुपारी तो खेळतो आणि मी सोफ्यावर पडून बघतो. पोस्टरवरून माझी अशी समजूत होती, की आता ठो ठो सुरू होईल. ठो ठो होतं, नाही असं नाही; पण मधल्या वेळात तो पोस्टरवरचा नरसिंह, आर्थर मॉर्गन त्याचं नाव, घोड्याला खरारा करतो. घोड्याला चारा घालतो. दाढी वाढते, ती करतो. बंदूक तेल लावून पुसतो. टोळीच्या तळावर एक पेटी आहे, तिच्यात आपली वर्गणी टाकतो, आणि शेजारी चक्क वही आहे, कोणी किती भरले त्याची! डोक्यावर इनाम लागलं तर पोस्टात जाऊन रक्कम भरता येते. रांग तेवढी दाखवलेली नाही. आमची ही एकदा चहा द्यायला आली आणि पाच मिनिटं बघून म्हणाली, "अहो, हा दरोडेखोर घरकाम किती करतो! तुम्ही बघताय ना नीट?"

तर या टोळीत लिओपोल्ड स्ट्राउस म्हणून एक ऑस्ट्रियन गृहस्थ आहेत. सगळ्या टोळीत माझ्या ओळखीचा वाटला तो एवढाच. चष्मा, वही, पेन्सिल. तो गोरगरिबांना भरमसाट व्याजाने कर्ज देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. पोस्टरवरच्या त्या पिस्तूलधारी मर्दाचा हुद्दा, आमच्या भाषेत, वसुली सहायक.

एक थकबाकीदार आहे थॉमस डाउन्स. व्हॅलेंटाइन नावाच्या गावाजवळ त्याचा मोडका मळा. आजारी माणूस, बायको, मुलगा. आर्थर कुंपणाशी जाऊन त्याला बडवतो. डाउन्स खोकतो आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. आर्थर तोंड पुसतो, कथा पुढे जाते, भाचा खेळत राहतो. पुढे डाउन्स मरतो. मग तीच बाकी मागायला विधवेकडे जायचं, ते कामही यालाच. त्यानंतर कितीतरी तासांच्या खेळानंतर हा धिप्पाड गडी सेंट डेनिस शहराच्या रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतो, क्षय आहे. १८८२ साली कॉखने जंतू शोधला होता, पण औषध यायला १९४०चं दशक उजाडायचं होतं. कोरड्या हवेत जा, विश्रांती घ्या, एवढाच इलाज. त्या एका वसुलीपायी आर्थर मॉर्गन मरतो. (रहस्य फोडलं म्हणून रागावू नका. खेळ २०१८ सालचा आहे; इतक्या वर्षांत बँकसुद्धा बाकी बुडीत खाती टाकते.)

मी सोफ्यावर उठून बसलो. कारण कुंपणाशी उभं राहून पैसे मागणं मला ठाऊक आहे.

नोकरी नवी होती, तालुक्याच्या शाखेत होतो. वसुली अधिकाऱ्यांबरोबर कागद धरायला म्हणून मला पाठवायचे. एका शिंप्याकडे गेलो. दोन मशीनचं कर्ज, आठ हप्ते थकलेले, एक मशीन विकलेलं. आम्ही खुर्चीवर बसलो, तो खाली. आत त्याच्या बायकोने शेजारणीकडे साखर मागितलेली आम्हाला ऐकू आली. मग चहा आला. दुसऱ्याच्या साखरेचा चहा पिऊन साहेबांनी जप्तीची नोटीस वाचून दाखवली. शिंप्याचं लक्ष साहेबांच्या बाहीकडे होतं. बटण लोंबत होतं. "साहेब, हात जरा पुढं करा," म्हणाला, आणि ऐकता ऐकताच त्याने ते बटण शिवून दिलं, दातांनी दोरा तोडला. दोनशे रुपये घेऊन आम्ही परतलो. रजिस्टरात शेरा मारला : 'समक्ष भेट घेतली. आश्वासन दिले.' बटणासाठी रकाना नव्हता.

तेव्हा या खेळाच्या कर्त्यांनी वसुलीतला तो रकाना उघडला, याबद्दल मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो. पुढे आजारी आर्थर स्ट्राउसला बखोट धरून तळावरून हाकलतो, एकदोन गरिबांची कर्जं परस्पर माफ करतो (हे अधिकार त्याला कोणी दिले, हा प्रश्न मी भाच्यासमोर काढला नाही), डाउन्सच्या विधवेला पैसे देऊन मार्गी लावतो. बंदुकीपेक्षा खोकला मोठा, असा हा खेळ. आणि जाहिरात? जाहिरातीत खोकला नाही. वही नाही. कुंपण नाही. टोपी, दाढी, पिस्तूल. कर्त्यांना जे दाखवायचं धैर्य झालं, ते त्यांच्या विक्री खात्याला झालं नाही.

आणि विक्री खात्याची ही खोड जुनी आहे. मार्लबोरो ही सिगारेट आधी बायकांसाठी म्हणून विकली जायची. १९५४-५५च्या सुमारास शिकागोच्या लिओ बर्नेटच्या कंपनीने तिच्या जाहिरातीत काउबॉय आणला आणि बघता बघता ती मर्दानी झाली. १९७१च्या आरंभी अमेरिकेत टीव्हीवरून सिगारेटच्या जाहिराती गेल्या तरी मासिकाच्या पानांवर काउबॉय घोडा उधळीतच होता. त्या जाहिरातींत काम केलेले वेन मॅकलॅरेन १९९२ साली आणि डेव्हिड मॅक्लीन १९९५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. छापील काउबॉयला फुप्फुसं नसतात, हा या धंद्याचा नियमच आहे.

भाच्याशी यावर वाद झाला.

"मामा, पोस्टरवर खोकणारा माणूस दाखवला असता तर तू तरी घेतला असतास का रे?"

"मी तसाही घेतला नसता. पाच हजारांचं यंत्र आणि चार हजारांचा खेळ—"

"यंत्र पाच हजारांत येत नाही, मामा."

"तेच म्हणतोय."

"ऐक. जो पिस्तूल बघून येतो, त्यालाच खोकला दाखवायला हवा ना? आधी सांगितलं तर तो येणारच नाही. जाहिरात फसवते म्हणून तर खेळ जमतो."

युक्तिवाद बिनतोड होता. पोरगं हुशार आहे, आईवर गेलंय. गोळ्या घालायला आलेल्या सात कोटींतल्या काहींना तरी डाउन्सचं तोंड आठवत राहिलं असेल, तर फसवणूक कारणी लागली, हे मी मान्य केलं. पण एक हिशेब त्याच्या वहीत राहून गेला होता. खेळ सतराच्या पुढच्यांना; चित्र कितीच्या पुढच्यांना? चित्राला दार नाही, चौकीदार नाही. खालच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा एक चिरंजीव रोज या खोलीत येतो. खेळ बघायची त्याला बंदी आहे, आणि ती पाळली जाते, हे भाच्याचं कौतुक. पण भिंत बघायला बंदी कशी करणार? परवा त्याने दारातच मला अडवलं, टोपी म्हणून डोक्यावर आईची पूजेची परडी उपडी घातलेली, बोट माझ्या छातीवर रोखलेलं. "हात वर!"

मी केले. धंद्याची सवय. पण कुंपणाशी पुढे काय झालं, ते त्याला अजून अकरा वर्षं कोणी सांगणार नाही. तोपर्यंत त्याच्यापुरती गोष्ट त्या लाल चित्रावरच संपलेली आहे.

न्यायाने सांगायचं तर छापील जाहिरातीची खरी चेष्टा खेळाच्या आतच आहे. तिथल्या दुकानांत 'व्हीलर, रॉसन अँड कंपनी' नावाचं जाडजूड सूचीपुस्तक मांडलेलं असतं. पानं उलटायची आणि औषधांपासून कपड्यांपर्यंत काहीही मागवायचं. जुन्या काळी सिअर्स, रोबक कंपनीचं असंच सूचीपुस्तक अमेरिकेत घरोघर जायचं आणि त्यात पिस्तुलंही मिळायची, त्याची ही नक्कल. रस्त्यावर पोरं वर्तमानपत्रं विकतात. एकाचं नाव चक्क 'ब्लॅकवॉटर लेजर'. आपल्या खतावणीवरून वर्तमानपत्राचं नाव ठेवणारं गाव मला फार आवडलं. खोट्या काळातल्या खोट्या जाहिराती लिहिताना याच कंपनीची लेखणी इतकी तिखट चालते, मग खऱ्या काळातल्या खऱ्या जाहिरातीच्या वेळी ती कुठे वाळत घातली होती?

टोळीच्या मागावर असतात पिंकर्टनचे गुप्त पोलीस. ही कंपनी खरी, एकोणिसाव्या शतकापासूनची. तिचं जुनं बोधचिन्ह म्हणजे एक उघडा डोळा, खाली ब्रीद : आम्ही कधी झोपत नाही. (आमच्या शाखेत दुपारी जेवणानंतर हे लावता येणार नाही.) आपलं नाव खलनायक म्हणून वापरलं यावरून तिने २०१८च्या डिसेंबरात खेळाच्या मालक कंपनीला, टेक-टूला, नोटीस धाडली, प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २०१९ मध्ये पिंकर्टनने माघार घेतली. सव्वाशे वर्षांनी का होईना, डोळा मिटला.

आर्थर गेल्यावर खेळ संपत नाही, हे मला उशिरा कळलं. उपसंहार आहे, आणि तो १९०७ सालातला. आर्थरचा साथीदार जॉन मार्स्टन बायकामुलाखातर सुधारायचं ठरवतो. त्याला जमीन घ्यायची असते. मग तो काय करतो? ब्लॅकवॉटरच्या बँकेत जातो आणि कर्जाचा अर्ज करतो! बंदूक न काढता. टोपी हातात घेऊन. हा प्रसंग आला तेव्हा भाचा कंटाळला होता, पण मी त्याला बटण दाबून पुढे जाऊ दिलं नाही. शंभर वर्षांचे वेस्टर्न बघितल्यावर आमच्या काउंटरसमोर एक मनुष्य शिस्तीत उभा राहिला होता.

अर्ज मात्र खोट्या नावाने होता. जिम मिल्टन. केवायसी शून्य. जुना पत्ता विचारला तर तुरुंग. जवळ एवढंच, की ज्याच्या कुरणावर तो राबत होता त्या गेडिस नावाच्या मालकाचं शिफारसपत्र. आणि मॅनेजरने कर्ज मंजूर केलं.

"मामा, खरं सांग," भाचा म्हणाला, "तुझ्या टेबलाशी आला असता तर दिलं असतंस?"

मी पडद्यावरचं ते पत्र पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं. मग विचारलं, "जामीनदार किती आहेत?"